‘चढा’ असं जसिंता मॅडम म्हणाल्या

आमच्या पनच्चिक्करा बंदरात मासेमारीच्या कायद्याची गस्त घालणारं एक ठाणं आहे. जसिंता मॅडम सहा वर्षं त्या ठाण्याच्या प्रमुख होत्या. मी त्यांच्या गस्तीबोटीचा चालक, बेनेट.

मॅडम भित्र्या होत्या. हे मी त्यांच्यामागे बोलत नाही, त्या स्वतःच सांगायच्या. बोट धक्क्यावरून सुटली की परत येईपर्यंत त्या खुर्चीला टेकत नसत. वायरलेसपाशी उभ्या राहायच्या आणि दर वीस मिनिटांनी विचारायच्या, "बेनेट, कुठं आहेस? वारा कसाय? निझारनं जॅकेट घातलंय ना? खांद्यावर टाकलेलं नको, बक्कल लावलेलं हवं."

निझार म्हणायचा, "लग्न झाल्यावर माझ्या आईनं विचारायचं सोडलं. आता हिनं सुरू केलंय."

त्यांच्या वडिलांची छोटी होडी होती. ते रोज सुखरूप परत आले आणि म्हातारपणी घरच्या खाटेवरच गेले. "पण बाबा येईपर्यंत आई भांडी घासत बसायची," मॅडम एकदा मला म्हणाल्या. "घासलेलीच भांडी पुन्हा पुन्हा. तिच्या नखांत कायम राख. मला वाटायचं, मी शिकेन, सरकारी नोकरी करीन, मला कुणाची वाट बघावी लागणार नाही. आणि बघ, नोकरी कसली मिळाली!"

त्या स्वतः पाण्यात जात नसत. आमच्या किनाऱ्यावर बायका मासळी विकतात, लिलावात पुरुषांचे कान उपटतात, पण होडीत पाय ठेवत नाहीत. मॅडमनी वर्षातून दोनदा, साहेब आले की तेवढ्यापुरती फेरी मारली असेल, तीही कठडा घट्ट धरून. लोक हसायचे. पण ही गोष्ट घडेपर्यंत त्यांच्या हाताखालच्या एकाही माणसाला साधं खरचटलंही नव्हतं. याचा त्यांना अभिमान होता, आणि त्याचीच धास्तीही होती.

ओणम होऊन आठवडा झाला होता. पावसाळ्यातली ट्रॉलरबंदी उठून दीड महिना झालेला. त्या दिवशी सकाळी सातला ठाण्याच्या फाटकापाशी गलका सुरू झाला. चाळीस-पन्नास होडीवाले आले होते आणि पुढे होता पत्रोस म्हातारा, त्याची ती मोठी लांब होडी आहे तो. त्याच्या हातात फाटलेल्या जाळ्याचा तुकडा होता.

"मॅडम बाहेर या! ही तुमची फूटपट्टी फक्त आमच्या तारलीपुरतीच आहे का?" तो ओरडला. "आमची तारली बोटभर कमी भरली की टोपली जप्त. आणि तिकडं दोन ट्रॉलर एकच जाळं मधे धरून किनाऱ्याच्या नजरेसमोर तळ खरवडतायत. पिल्लू शिल्लक ठेवत नाहीत. तीन होड्यांची जाळी फाडली आज. त्यांना मोजायला पट्टी आखूड पडते वाटतं?"

दोन ट्रॉलरनी मिळून एक जाळं ओढायला आमच्याकडे बंदी आहे. मॅडमनी तुकडा हातात घेतला, उलटा-सुलटा केला. मग मला विचारलं, "पोलीस आलाय का?"

तो आला नव्हता. गस्तीला जो हवालदार बरोबर असतो त्याला कुठल्याशा मिरवणुकीच्या बंदोबस्ताला नेलं होतं. आणि वरून लेखी आदेश होता: पोलीस बरोबर नसेल तर ट्रॉलरवर चढायचं नाही.

"मग जाऊन काय करणार?" मॅडम स्वतःशीच म्हणाल्या.

"फोटो काढू," स्टेलस म्हणाला. स्टेलस आणि निझार हे आमचे बचाव-रक्षक. दोघं मूळचे मच्छीमारच, गोव्यात प्रशिक्षण घेऊन रोजंदारीवर लागलेले. स्टेलस तापट. त्याच्या भावाचं जाळंही त्या सकाळी फाटलं होतं.

"फोटो काढा आणि परत या," मॅडम म्हणाल्या. "चढायचं नाही. स्टेलस, माझ्याकडं बघ. चढायचं नाही."

"नाही चढत, मॅडम."

आम्ही तिघं निघालो. अर्ध्या तासात दोन्ही ट्रॉलर दिसले. आम्हाला बघताच एकानं आपल्याकडचा दोर तोडला आणि दक्षिणेला पळाला. दुसरा अडकला. जाळ्याचं सगळं ओझं त्याच्या एकट्याच्या अंगावर आलं होतं, त्याला धड वेग घेता येईना. ‘बेथेस्दा’ नाव होतं त्याचं. रेनॉल्ड मुदलाळीची बोट, म्हणजे आमच्याच बंदरातल्या सगळ्यात बड्या मालकाची. तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, अरुळप्पन, कन्याकुमारीकडचा.

मी वायरलेसवर सगळं सांगितलं. तेवढ्यात त्यांच्या खलाशानं कुऱ्हाड उचललेली मला दिसली.

स्टेलसनं माझ्या हातातून माइक ओढला. "मॅडम, जाळं तोडतायत! ते बुडालं की पुरावा गेला. उद्या कोर्टात म्हणतील, आम्ही एकटेच होतो, साधी मासेमारी करत होतो. आम्हाला चढू द्या. आत्ता. दोन मिनिटांत सगळं संपेल."

वायरलेसवर नुसती खरखर. मी घड्याळ बघितलं नाही, पण तेवढ्या वेळात आमची बोट तीन लाटा चढली आणि उतरली. खरखरीमागे ठाण्याच्या फाटकावरच्या लोकांचा आवाज ऐकू येत होता, पत्रोसचा सगळ्यांत वर.

मग मॅडमचा आवाज आला. "चढा."

आणि लगेच, "जॅकेट..." पण तोवर स्टेलस उडी मारून वर पोहोचला होता. त्याच्यामागे निझार.

वर सगळं शांतपणे झालं. अरुळप्पननं हात जोडले. जाळं वर ओढून घेतलं. मी तुमच्यामागून बंदरात येतो, म्हणाला. नेहमीची पद्धतच ती, आमची माणसं पकडलेल्या बोटीवर राहतात आणि मी पुढे वाट दाखवत चालतो. निझारनं मला वरून अंगठा दाखवला. मी बोट वळवली, आणि मागं बघितलं तर ‘बेथेस्दा’चं तोंड पश्चिमेला फिरलं होतं. खोल समुद्राकडे. धुराड्यातून काळा लोट निघत होता.

मी पाठलाग केला. आमच्या दोन इंजिनांपैकी एक पंधरा मिनिटांत तापून बंद पडलं. एका इंजिनावर मी ओरडत राहिलो, भोंगा वाजवत राहिलो. निझार कठड्याशी दिसत होता, मग नुसता त्याच्या जॅकेटचा नारिंगी ठिपका, मग तोही नाही.

मी धक्क्याला लागलो तेव्हा मॅडम पाण्याच्या अगदी कडेला उभ्या होत्या. बोटीत मी एकटाच आहे हे त्यांनी बघितलं.  मीच बोलायला लागलो तर म्हणाल्या, "आधी सांग, निझारचं जॅकेट?"

"बक्कल लावलेलं होतं."

"बरं."

मग त्या आत गेल्या आणि फोन सुरू झाले. वरच्या साहेबांना, किनारी पोलिसांना, तटरक्षक दलाला. प्रत्येकाला तीच हकीकत, तीच वेळ, तोच नंबर. प्रत्येक वेळी समोरून एकच प्रश्न येत असावा, कारण प्रत्येक वेळी त्या शेवटी म्हणत, "हो, मीच सांगितलं चढायला." तटरक्षक दलाचं जहाज शंभर मैल उत्तरेला होतं. संध्याकाळपर्यंत येऊ, म्हणाले. आणि संध्याकाळपासून जोराच्या पश्चिमी वाऱ्याचा इशारा होता. तो कागद सकाळीच मॅडमनी भिंतीवर चिकटवलेला. स्टेलस-निझारचे फोन बंद लागत होते.

दहाच्या सुमाराला स्टेलसची बायको आली. मेबल. लिलावाच्या शेडमधून तशीच आली होती, हाताला मासळीचे खवले. ती मॅडमच्याच चर्चमधली, त्यांना लहानपणापासून चेच्ची, म्हणजे ताई म्हणणारी. बाकावर बसली आणि म्हणाली, "चेच्ची, खरं सांगा. तो स्वतः चढला की तुम्ही चढवलं?"

"मी चढवलं."

मेबल थोडा वेळ हातावरचे खवले खरवडत राहिली. "तुम्ही तर भित्र्या ना? गावभर हसतात लोक तुमच्या भित्रेपणाला. आजच कुठून आली एवढी हिंमत? दुसऱ्याच्या नवऱ्यावर?"

 मी चहा आणून दोघींच्या पुढ्यात ठेवला. दोन्ही पेले तसेच गार झाले.

साडेबाराला रेनॉल्ड मुदलाळीची पांढरी गाडी आली. पांढरंशुभ्र धोतर, गळ्यात सोन्याचा क्रूस. बसायच्या आधी त्यानं मेबलकडे बघून जीभ टाळ्याला लावून चुकचुक केलं.

"वाईट झालं, मॅडम. हे तमिळी लोक फार घाबरट. सरकारी बोट बघितली की सुटले. माझाही संपर्क नाही हो त्याच्याशी! पण माझ्या अनुभवानं सांगतो, कानावर गेलं की केस नाहीये, तर तो संध्याकाळच्या आत कुठल्यातरी किनाऱ्यावर तुमच्या माणसांना सोडून देईल."

"कानावर कसं जाणार?"

"समुद्रात बातम्या फिरतात. तुम्ही एवढंच लिहून द्या, आज सकाळी त्या जागी ‘बेथेस्दा’ नव्हती. ओळखण्यात चूक झाली. चार ओळी." त्यानं खिशातून पेन काढून टेबलावर ठेवलं, टोपण काढून.

मेबल उठून उभी राहिली. "लिहा ना, चेच्ची. काय बघताय? लिहा!"

मॅडमनी पेन उचललं. पहिलं अक्षर कागदावर फरफटलं. मला कबूल करायला लाज नाही, मी मनात म्हणत होतो, लिहा, मॅडम, लिहून टाका. माझ्या डोळ्यांसमोर तो नारिंगी ठिपका होता.

अर्धी ओळ लिहून त्या थांबल्या. "मुदलाळी, मी लिहिते. पण तुम्हाला द्यायच्या आधी मला माझ्या माणसांचा आवाज ऐकू द्या."

"मी म्हटलं ना, संपर्क—"

"तुमच्या लिलावाच्या शेडमागे वायरलेस आहे. त्यावरून तुम्ही तुमच्या सातही बोटींना रोज भाव सांगता. मी ऐकते, मला दुसरं कामच काय असतं? तुमचा चॅनल आमच्या मशीनवर लागतो. तुम्ही बोलता की मी बोलू?"

मुदलाळी हसला. पण उठला नाही. मॅडमनी बटण फिरवलं.

"बेथेस्दा, बेथेस्दा. अरुळप्पन, मी मत्स्य ठाण्यातून जसिंता बोलतेय. तुझ्यावर ओरडायला नाही बोलत. माझी माणसं कशी आहेत तेवढं सांग."

काही नाही. पुन्हा बोलल्या. पाच वेळा, सहा वेळा. सहाव्या वेळी मशीन खरखरलं आणि तमिळी वळणाचा एक रडवेला आवाज आला.

"मॅडम, माझी चूक नाही. मी बंदराकडंच वळवत होतो. मुदलाळी म्हणाले, बंदरात आणलीस तर तुझ्या गावातसुद्धा तुला काम मिळू देणार नाही. पळ म्हणाले. आता काय करू?"

तो चॅनल त्या वेळी बंदरातल्या निम्म्या बोटींवर चालू असणार. मुदलाळीनं टेबलावरचं पेन उचललं, टोपण लावलं आणि खिशात घातलं. जाताना दार लावून घ्यायचंही त्याला सुचलं नाही.

"स्टेलसला दे," मॅडम म्हणाल्या.

स्टेलसचा आवाज आला, आणि मेबलनं भिंतीला हात लावला. "मॅडम, मी ठीक आहे. निझारला लागलंय. तासाभरापूर्वी बोट पुन्हा एकदम वळवली तेव्हा जाळं ओढायच्या विंचची तार तुटून त्याच्या पायावर बसली. गुडघ्याखाली. मी लुंगीनं आवळून बांधलंय पण रक्त थांबत नाही. मगापासून तो थंडी वाजतेय म्हणतोय."

आता कळलं, अरुळप्पन का रडत होता. त्याच्या बोटीवर एक सरकारी माणूस मरेल की काय अशी वेळ आली होती, आणि तो जितका लांब पळेल तितका जास्त अडकणार होता.

"अरुळप्पन, ऐक," मॅडम म्हणाल्या. आता त्यांचे शब्द अडत नव्हते. "सरळ पूर्वेला ये. पूर्ण वेगानं. तू आपणहून फिरलास असं मी लिहीन, आणि ते खरंच असेल. आम्ही समोरून निघतोय."

मी म्हटलं, "मॅडम, कशानं निघतोय? एक इंजिन जळालंय. आणि हा वारा..."

त्या बाहेर गेल्या. होडीवाले अजून फाटकाशीच होते, सकाळपेक्षा गप्प. मॅडम पत्रोससमोर उभ्या राहिल्या. सकाळी ज्यानं चारचौघांत त्यांची अब्रू काढली होती त्याच्यासमोर. आणि त्याला चेट्टा, म्हणजे दादा म्हणाल्या. "पत्रोस चेट्टा, तुमची होडी वेगवान आहे. निझारला आणायचंय. जोराचा वारा सुटायच्या आत."

म्हाताऱ्यानं बिडी फेकली. "तीन इंजिनं आहेत. डिझेल... ते असू दे. कोण येतंय?"

"बेनेट येईल. सरकारी दवाखान्यातला मलमपट्टी करणारा माणूस येईल. आणि मी."

"पोरी, तू कशाला?"

"मी इथं उभी राहिले तर वेडी होईन, म्हणून," मॅडम म्हणाल्या. आमच्यापैकी कुणी त्यावर हसलं नाही.

त्या होडीत चढल्या. साडीचा पदर कमरेला खोचला, जॅकेट घातलं, आणि दोन मैल गेल्यावर ओकायला लागल्या. जाताना सगळी वाट ओकत होत्या. मधेच तोंड पुसून विचारायच्या, "बेनेट, अजून किती?" मी म्हणायचो, "अर्धा तास." सव्वा तास मी अर्धा तासच सांगत होतो. वारा वाढत होता, लाटांचे शेंडे पांढरे व्हायला लागले होते. पत्रोस सुकाणूवर उभा होता. आणि मी देवाला सांगत होतो, थंडी वाजतेय म्हणाला तो, एवढ्या उन्हात थंडी वाजतेय.

अडीचच्या सुमाराला ‘बेथेस्दा’ दिसली. ती आमच्याकडेच येत होती. निझारला फळीवर बांधून खाली सोडलं. स्टेलस आणि अरुळप्पन, दोघांनी मिळून दोर धरले होते. निझारचा चेहरा राखेसारखा झाला होता. मॅडमनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो डोळे न उघडता म्हणाला, "मॅडम, बक्कल लावलंय."

"गप्प बस, मेल्या," असं म्हणून मॅडम जोरजोरात रडायला लागल्या. त्यांना रडताना मी तेव्हाच बघितलं.

निझारचा पाय वाचला. पण आखडला. पायात सळई आहे आणि तो लंगडतो. त्याला आता डोलत्या बोटीवर उभं राहता येत नाही. समुद्रावर वाढलेला माणूस आज बर्फाच्या कारखान्याच्या दारात पावत्या फाडतो. भेटला की थट्टा करतो, पण ‘बोटीवर चल’ असं कुणी सहज म्हणालं तर विषय बदलतो.

पुढची गोष्ट चौकशीची. चौकशीचे साहेब येणार कळल्यावर मी आणि स्टेलसनं ठरवलं की सांगायचं, वायरलेस खराब होता, हुकूम नीट ऐकू आला नाही, आम्हीच आमच्या मनानं चढलो. कसलं रेकॉर्डिंग नव्हतं. मॅडम साफ सुटल्या असत्या. मी शपथ घेऊन तसं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला आणि एक कागद माझ्याकडे सरकवला. मॅडमनी त्याच रात्री स्वतःच्या हातानं लिहिलेला अहवाल होता. ‘पोलीस बरोबर नाही हे माहीत असताना आणि लेखी आदेश माहीत असताना चढण्याचा हुकूम मी दिला. तो स्पष्ट ऐकू गेला होता.’

"आता तुमच्यातलं खोटं कोण बोलतंय?" साहेबांनी विचारलं.

 बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "माझ्यासाठी खोटं बोलायला तुला कुणी सांगितलं? उद्या हीच सवय तुला समुद्रावर लागली तर? वारा बरा आहे म्हणशील आणि नसेल." आठ दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

त्यांची बढती थांबली. अरुळप्पनबद्दल त्यांनी कबूल केलं तेच लिहिलं, तो सहा महिन्यांत सुटून गावी गेला. ‘बेथेस्दा’चा परवाना वर्षभर बंद राहिला. मुदलाळीवरचा खटला अजून चालू आहे, तारखा पडतात, तो पांढऱ्या गाडीतून येतो आणि जातो. पण त्या दिवशी वायरलेसवर निम्म्या बंदरानं ऐकलं होतं. त्यानंतर त्याला चांगला तांडेल मिळेना, एकामागून एक चार बोटी त्यानं विकल्या.

मेबल बरेच दिवस मॅडमशी बोलत नव्हती. मग एकदा नाताळच्या आदल्या दिवशी ठाण्यात आली आणि टेबलावर मोठी सुरमई ठेवली. मॅडमनी सवयीनं पट्टीला हात घातला.

"मोजा," मेबल म्हणाली. "बसते बापडी नियमात." आणि मग बाकावर बसत, "चहा मागवा. त्या दिवशीचा प्यायला नाही मी."

मॅडमनी चहा मागवला, असं मेबलनं मला नंतर सांगितलं. त्या वेळी मी समुद्रावर होतो, उत्तरेच्या टोकाजवळ, स्टेलस आणि एक नवा रक्षक बरोबर, आणि या वेळी पोलीसही. वायरलेसवर मॅडमचा आवाज आला, "बेनेट, कुठं आहेस?" आणि मागून मेबलचा, "विचारा, विचारा, माझा नवरा काय करतोय?"

वारा जरा वाढला होता. मी तसंच सांगितलं, जितका होता तितका.

"मग परत या," मॅडम म्हणाल्या. आम्ही परत फिरलो.